देवणी पंधरा बाइटांचे आहे

फाइलचे नाव कोणत्याही संगणकावर बिनधोक चालावे म्हणून काय पाळायचे, याचे अधिकृत उत्तर १९८८ पासून उपलब्ध आहे. युनिक्सच्या निरनिराळ्या वंशजांना एका नियमावलीत आणण्यासाठी त्या वर्षी पॉझिक्स हे मानक आले. त्याने सर्वत्र नेता येईल अशा नावासाठी पासष्ट चिन्हे ठरवून दिली: इंग्रजीची सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस लहान, दहा आकडे, टिंब, अधोरेषा आणि आडवी रेघ. नावाची जी लांबी प्रत्येक प्रणालीने मान्य केलीच पाहिजे, ती चौदा बाइट. जुन्या युनिक्समध्ये फोल्डरमधली एकेक नोंद सोळा बाइटांची असे. त्यातले दोन बाइट फाइलच्या अंतर्गत क्रमांकाला जात आणि चौदा नावाला उरत. लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्याचे नाव या कसोटीला लावून पाहावे. द, एकार, व, ण आणि दीर्घ ईकार अशी पाच चिन्हे, आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. पासष्ट चिन्हांच्या यादीत यातले एकही नाही आणि लांबीही एका बाइटाने जास्त. मानकाच्या शब्दावर जायचे तर ‘देवणी’ हे फाइलचे पोर्टेबल नाव नाही.

फाइल सिस्टिमशी बोलणारा कोड एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेण्याविषयी चार दशके जी चर्चा चालली आहे, तिच्यात ‘पोर्टेबल’ याचा रूढ अर्थ ‘सगळ्यांकडे जेवढे समान आहे तेवढेच वापरा’ असा होत आला. हा अर्थ अपुरा आहे, आणि तो अपुरा आहे हे इंग्रजीपेक्षा मराठीत लवकर उघडे पडते. समान तेवढेच धरायचे ठरवले तर पहिल्या फेरीतच आपली लिपी बाहेर जाते. फरकांवर एक सारखा मुलामा चढवायचा ठरवले तर तो नेमका मराठी नावांपाशी फुटतो. चांगला पोर्टेबल कोड माणसाने दिलेले नाव अक्षरशः जसेच्या तसे जपतो, दोन नावे सारखी आहेत का हा प्रश्न जपणुकीपासून वेगळा ठेवतो आणि प्रत्येक प्रणालीचा फरक मान्य करून तो सीमेवर हाताळतो.

हे फरक कोणाच्या आडमुठेपणातून आलेले नाहीत. युनिक्सने आणि पुढे लिनक्सने नाव म्हणजे बाइटांची निव्वळ रांग मानली. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालेल, अर्थ लावणे ज्याचे त्याने पाहावे. डॉसने आठ अधिक तीन अक्षरांची नावे दिली. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसने युनिकोडची सोळा-बिटी एकके स्वीकारली. ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणताना युनिकोड तर घेतलेच, शिवाय नावे आपल्या ठरावीक रूपात बदलून साठवायची ठरवले. तीन घराण्यांनी तीन तत्त्वे धरली, आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलण्यासारखे होते.

युनिक्सच्या बाइटांच्या रांगेत जगातल्या लिप्या बसवताना जो पेच आला, तो मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. युनिकोडात ‘य’ चा क्रमांक ०९२एफ. तो सरळ दोन बाइटांत लिहिला तर दुसरा बाइट २एफ येतो, आणि २एफ म्हणजे फोल्डर तोडणारी तिरकी रेघ. ‘प’ चा दुसरा बाइट म्हणजे तारांकन, ऱ्हस्व इकाराचा दुसरा बाइट म्हणजे प्रश्नचिन्ह. म्हणजे ‘यादी’ या नावात युनिक्सला पहिल्याच अक्षरापाशी नवा फोल्डर दिसला असता. यावर उपाय म्हणून जी पद्धत चर्चेत होती, तिच्या नावातच ‘फाइल सिस्टिमला सुरक्षित’ असा उल्लेख होता. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये ती नव्याने बांधली आणि तीच पुढे यूटीएफ-८ म्हणून जगभर गेली. तिच्यात देवनागरी अक्षराचा एकही बाइट इंग्रजी चिन्हांच्या टापूत येत नाही, त्यामुळे तिरक्या रेघेचा भास होणे अशक्य. आज वेबवरचा जवळजवळ सगळा मजकूर ज्या पद्धतीत लिहिला जातो, ती फाइलच्या नावांच्या पोर्टेबिलिटीच्या प्रश्नातून जन्मली.

विंडोजवर मात्र वेगळीच अडचण राहिली. तिथे प्रोग्रॅमला फाइल मागण्याचे दोन दरवाजे आहेत. एक जुना, स्थानिक कोडपेजचा, म्हणजे एकेका भाषागटापुरत्या चिन्हतक्त्याचा, आणि दुसरा युनिकोडचा. जपानी, रशियन, अरबी यांना जुन्या दरवाजासाठी आपापले कोडपेज मिळाले. हिंदी-मराठीला असे कोडपेज मिळालेच नाही. भारताचे स्वतःचे इस्की मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने काढले होते, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठे काम केले होते, आणि युनिकोडातल्या देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. तरीही विंडोजने मराठीला फक्त युनिकोडचा दरवाजा ठेवला. परिणाम असा की सी भाषेतल्या साध्या पद्धतीने लिहिलेला आणि लिनक्सवर वर्षानुवर्षे चोख चालणारा प्रोग्रॅम विंडोजवर नेला की ‘देवणी’ च्या जागी पाच प्रश्नचिन्हे होतात, आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाइलच्या नावात निषिद्ध. श्रीलिपीसारख्या फॉन्टांच्या काळात छापखान्यांत आणि कचेऱ्यांत मजकूर मराठी आणि फाइलचे नाव मात्र इंग्रजी असे चाले. ती सवय लोकांनी आपखुषीने लावून घेतली नव्हती. दुसरी वाटच बंद होती. २०१९ च्या विंडोज १० मध्ये प्रोग्रॅमला आपले कोडपेज यूटीएफ-८ असल्याचे जाहीर करण्याची मुभा मिळाली, तेव्हा हा जुना दरवाजा आपल्यासाठी किलकिला झाला.

‘आता भाषांच्या ग्रंथालयांनीच हे सोडवले आहे, प्रोग्रॅमरने कशाला डोके शिणवावे’ हा आक्षेप इथेच घ्यायला हवा. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकात फाइल सिस्टिमचे स्वतंत्र दालन आले, जावाने २०११ मध्ये नवी व्यवस्था आणली, पायथनने २०१६ मध्ये विंडोजवरच्या नावांसाठी यूटीएफ-८ स्वीकारले. हे मोठे काम आहे आणि त्याचा आधार न घेणे चुकीचे. पण सी प्लस प्लसच्या त्याच दालनात मार्गाचे साध्या मजकुरात रूपांतर मागितले की मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर पुन्हा स्थानिक कोडपेजकडे वळतो. इंग्रजी नावांवर काही होत नाही, देवनागरी नावावर मात्र प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. एका ओळीचा हा कोड लिहिणाऱ्याच्या चाचणीत ‘टेस्ट’ नावाची फाइल असेल तर दोष वर्षभरही दिसणार नाही. रस्टसारख्या भाषेने ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेले नाव आणि वाचायचा मजकूर असे दोन वेगळे प्रकारच केले, आणि एकातून दुसऱ्यात जाताना प्रोग्रॅमरला थांबून विचार करायला लावले. सुरुवातीला हे जाचक वाटते. मला ती सगळ्यांत प्रामाणिक रचना वाटते, कारण ती फरक लपवत नाही.

नावात कोणती चिन्हे चालतात हा भाग इंग्रजी लेखांत एका तक्त्यात उरकला जातो. आपल्याकडे तो तसा उरकत नाही, कारण महाराष्ट्रातल्या सगळ्यांत परिचित दस्तऐवजाच्या नावातच तिरकी रेघ आहे: ७/१२. पोटहिस्सा पडलेल्या जमिनीचा गट नंबरही १४/२/अ असा लिहिला जातो, आणि तारीखही तशीच. लिनक्सवर अशा नावाची फाइल होऊच शकत नाही, ‘१४’ फोल्डर, त्यात ‘२’ आणि त्यात ‘अ’ असा अर्थ लागतो. विंडोजवर रेघ निषिद्ध. मॅकच्या पडद्यावर ती टाइप होते, पण आत अपूर्णविराम म्हणून साठते, आणि आज्ञावलीच्या खिडकीतून पाहिले तर ‘७:१२’ दिसते. तीच फाइल पेनड्राइव्हने विंडोजवर आणावी तर अपूर्णविरामही तिथे निषिद्ध.

अपूर्णविरामाचे प्रकरण मराठीत आणखी खोल जाते. विसर्गासाठी युनिकोडात स्वतंत्र चिन्ह आहे, पण टंकलेखन यंत्राच्या काळापासून विसर्गाच्या जागी अपूर्णविराम मारण्याची सवय आहे आणि ‘नि:शुल्क’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ अशी रूपे सर्रास लिहिली जातात. डोळ्याला फरक कळत नाही. ‘नि:शुल्क’ ने सुरू होणारे नाव अपूर्णविरामासह लिनक्सवर निमूटपणे साठते. विंडोजच्या कोडने एनटीएफएसवर तेच नाव उघडायला सांगितले तर अपूर्णविरामानंतरचा भाग हा फाइलच्या आतल्या पर्यायी प्रवाहाचे नाव समजला जातो. चूक दाखवली जात नाही. फोल्डरमध्ये ‘नि’ नावाची शून्य बाइटांची फाइल दिसते, आणि सगळा मजकूर नजरेआड असलेल्या ‘शुल्क…’ नावाच्या प्रवाहात जातो. ती फाइल फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हवर न्यावी तर प्रवाह गळून पडतो आणि पोचते ते फक्त रिकामे ‘नि’. माहिती अशी नाहीशी होते, आणि फाइल तयार होताना कुठेही लाल अक्षरात काही उमटलेले नसते. युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालवणाऱ्या सिगविनसारख्या साधनांनी यावर तोड म्हणून निषिद्ध चिन्हे युनिकोडच्या खासगी टापूत हलवून साठवली. त्या साधनापुरते सगळे ठीक दिसते, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममधून तेच नाव पाहिले की मधोमध चौकोन येतो. मुलाम्याची ही मर्यादा: तो चढवणाऱ्यापुरताच टिकतो.

सगळ्यांत कठीण जागा आहे ती ‘ऱ्या’ ची. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द युनिकोडात तीन प्रकारे लिहिता येतो आणि तिन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ साठीचे ०९३१ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात तेच चिन्ह फोडून साधा ‘र’ आणि खाली नुक्ता. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, ज्याला काहीही रूप नसते पण जो शेजारच्या अक्षरांचा आकार ठरवतो. पहिल्या प्रकाराने शब्द तेहतीस बाइटांचा होतो, उरलेल्या दोन्हींनी छत्तीस, आणि ते छत्तीस बाइटही एकमेकांपासून वेगळे. लिनक्सच्या लेखी ही तीन नावे म्हणजे एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदणाऱ्या तीन फाइली. एचएफएस प्लस मात्र पहिल्या प्रकाराचे नाव घेऊन दुसऱ्या प्रकाराने साठवी आणि परत मागितले की फोडलेलेच देई. प्रोग्रॅमने जे नाव लिहिले ते यादीत सापडत नाही, अशी स्थिती येई. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनात तर मॅकवरचा माणूस फाइल नोंदवून लगेच स्थिती विचारी आणि तीच फाइल अनोळखी म्हणून समोर येई. २०१२ मध्ये गिटला यासाठी खास सोय जोडावी लागली. ॲपलने २०१७ मध्ये एपीएफएस आणताना जुनी पद्धत सोडली. आता नाव दिले तसे साठते, आणि शोधताना फोडलेले व जोडलेले रूप एकच धरले जाते. जपणूक एकीकडे आणि तुलना दुसरीकडे, हे तत्त्व ॲपलने जवळपास वीस वर्षांच्या अनुभवातून स्वीकारले.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय असा की प्रोग्रॅमने प्रत्येक नाव युनिकोडच्या प्रमाणित जोडरूपात आणावे, म्हणजे वाद मिटला. फ्रेंच आणि जर्मनपुरता तो बराचसा मिटतोही. मराठीत नाही. प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करते, पण जोडकाचा तिसरा प्रकार त्यांच्यात कधीच मिसळत नाही, कारण युनिकोड त्याला समतुल्य मानत नाही. ‘ॲड.’ मधल्या ‘ॲ’ चेही तेच. त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडात २००८ मध्ये आले, त्याआधीचे बरेचसे लेखन ‘अ’ ला चंद्र जोडून झालेले आहे, आणि ही दोन रूपे कुठल्याही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. वकिलांच्या नावांच्या दोन याद्या डोळ्याला एक आणि यंत्राला दोन राहतात. शिवाय प्रमाणीकरण करून नाव बदलून साठवले की ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमने मूळ नाव दिले होते त्याला ते सापडत नाही, आणि एचएफएस प्लसची चूक आपणच नव्याने करतो.

मग जोडकच दुर्लक्षित करावा, तो दिसत तर नाही, असे म्हणणाऱ्यांनी ‘आचाऱ्यांची यादी’ आणि ‘आचार्यांची यादी’ ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. पहिली स्वयंपाक्यांची, दुसरी विद्वानांची. पहिली जोडक वापरून टाइप केली असेल तर दोघींत फरक आहे तो फक्त त्या अदृश्य जोडकाचा. एचएफएस प्लस नावांची तुलना करताना जोडक वगळत असे. त्यामुळे एका फोल्डरमध्ये ही दोन नावे राहूच शकत नव्हती, दुसरी साठवताना पहिली पुसली जाण्याचा धोका होता. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचीही तीच गत. हे वगळणे डिसेंबर २०१४ मध्ये जगाच्या लक्षात आले ते मात्र मराठीमुळे नव्हे. गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरच्या नावात मधे असे अदृश्य चिन्ह घुसवले की गिट त्याला परके नाव समजून जाऊ देई, आणि मॅकची फाइल सिस्टिम मात्र तो खरा फोल्डर समजून त्यात लिहू देई. त्यातून परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालवता येत होता, आणि गिटला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. प्रोग्रॅमची समतेची कल्पना एक आणि फाइल सिस्टिमची दुसरी असली की मधल्या फटीतून काय शिरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. लिनक्सनेही २०१९ मध्ये एक्स्ट-४ या आपल्या फाइल सिस्टिमला लहान-मोठ्या अक्षरांत भेद न करण्याची ऐच्छिक सोय दिली आणि तीही अदृश्य चिन्हे वगळू लागली. २०२४ मध्ये हे वगळणे बंद करणारा बदल कर्नलमध्ये घेतला, पण आधीच साठवलेल्या फाइली सापडेनाशा झाल्याने वर्ष संपण्याआधी तो मागे घ्यावा लागला. तुलनेचा नियम एकदा डिस्कवरच्या रचनेत शिरला की तो दुरुस्त करणेही अवघड होते. म्हणून तो जेवढा फाइल सिस्टिमच्या बाहेर, प्रोग्रॅमच्या हातात राहील तेवढा बरा.

लांबीचा हिशेब थोडक्यात देता येतो, पण तो देवणीसारख्या तालुक्यातल्या रोजच्या कामाला थेट भिडतो. ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प देवणी तालुक्यातील शेतकऱ्यांची छाननीनंतरची अंतिम यादी प्रत’ हे नाव पीडीएफच्या चार बाइटी शेपटासह विंडोजच्या मोजणीने शहाण्णव एकके होते. मर्यादा २५५ ची, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा शिल्लक. तेच नाव लिनक्सच्या किंवा अँड्रॉइड फोनच्या साठवणीत २५८ बाइट भरते. तिथेही मर्यादा २५५ चीच, पण बाइटांची, आणि फाइल उतरत नाही. शेवटचा ‘प्रत’ काढला की २४५ वर येऊन उतरते. इंग्रजी नावात एक अक्षर एक बाइट असल्याने ‘२५५’ हा आकडा दोन्हीकडे एकच वाटतो, आणि कोडमध्ये तो तपासणाऱ्याला आपण काय मोजतो आहोत हा प्रश्नच पडत नाही. नाव कापून बसवणारे प्रोग्रॅम तर अक्षराच्या मधोमध बाइट तोडतात आणि शेवटी निरर्थक चिन्ह उरते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप असा: फाइलींना आकडी नावे द्या आणि मराठी नाव आत, डेटाबेसमध्ये ठेवा. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर असेच ठेवलेले असतात. प्रत्येकाला वर्ष, महिना, तारखेने सुरू होणारा लांब संकेतांक असतो आणि तो जगातल्या कुठल्याही फाइल सिस्टिमवर चालतो. प्रणालीच्या पोटात ही पद्धत उत्तमच आहे, आणि तिच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण याच भागाच्या इतिहासात आहे. देवणीचा परिसर ज्या उदगीर तालुक्यात मोडत होता तो हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता, १९५६ मध्ये उस्मानाबादला जोडला गेला, १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आला, आणि पुढे देवणीचा स्वतंत्र तालुका झाला. उस्मानाबादचे नावही आता धाराशिव आहे. जिल्हा, तालुका, गाव अशा फोल्डरांच्या मार्गालाच नोंदीची ओळख मानणारा कोड अशा प्रत्येक फेरबदलाला मोडला असता. मार्ग म्हणजे आजचा पत्ता. ओळख वेगळी असावी, आणि ती आकडी असली तर काही बिघडत नाही.

पण हा उपाय प्रणालीच्या भिंतीपर्यंतच पुरतो. शासन निर्णय उतरवून घेणाऱ्या कारकुनाच्या फोल्डरमध्ये अठरा आकड्यांच्या पन्नास फाइली जमतात आणि पीक विम्याचा कुठला, अनुदानाचा कुठला, हे एकेक उघडल्याशिवाय कळत नाही. तो शहाणपणाने त्यांना मराठी नावे देतो, पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो, आणि फाइल पुन्हा सगळ्या प्रणालींतून फिरू लागते. नाव हे माणसाचे शोधण्याचे साधन आहे. ते मराठीत ठेवण्याचा हक्क ज्या लोकांची कचेरी मराठीत चालते त्यांना असलाच पाहिजे, आणि तो हक्क पाळणे ही कोड लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. वापरणाऱ्याने इंग्रजीत नाव द्यावे असे सांगणे म्हणजे कोडमधला दोष त्याच्या भाषेवर ढकलणे.

नावांपलीकडचे फरक वर्तनाचे, आणि तिथे मराठीचा संबंध नसला तरी मराठवाड्याचा आहे. जुनी फाइल सुरक्षितपणे बदलण्याची रूढ रीत अशी: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, तो डिस्कवर पक्का करायचा आणि मग तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे. पॉझिक्समध्ये हे नामांतर एका झटक्यात होते, दुसऱ्या प्रोग्रॅमला एकतर जुनी फाइल दिसते नाहीतर नवी. विंडोजवर सी भाषेची तीच आज्ञा त्या नावाची फाइल आधीच असेल तर सरळ नकार देते. मग अनेक जण आधी जुनी पुसून मग नामांतर करतात, आणि त्या दोहोंच्या मधे लाइट गेली तर मूळ नावाची फाइलच उरत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइल वाटून घ्यायची परवानगी न देता उघडलेली असेल तर विंडोजवर ती हलवताही येत नाही, युनिक्सवर खुशाल पुसता येते. डिस्कवर पक्के करण्याची आज्ञाही सगळीकडे एकच काम करत नाही. मॅकवर ती डिस्कच्या स्वतःच्या स्मृतीपर्यंतच पोचते, पुढे जायला वेगळी आज्ञा लागते. लिनक्सवर ती आज्ञा एकदा फसली आणि पुन्हा दिली तर दुसऱ्यांदा ‘झाले’ असे उत्तर येऊ शकते, प्रत्यक्षात मजकूर गेलेला असतो, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांना कळले तेव्हा त्यांनी अशा वेळी सगळे थांबवण्याचा निर्णय घेतला. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये गिट, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांच्यासह अकरा प्रोग्रॅम तपासले आणि यंत्र अचानक बंद पडल्यास माहिती बिघडू शकेल अशा साठ जागा काढल्या. त्यातल्या बहुतेकांचे मूळ एकच: लिहिणाऱ्याने एका फाइल सिस्टिमचा स्वभाव पाहिला आणि तो सर्वांचा नियम समजला. जिथे लोडशेडिंग हा ऋतुमानाचा भाग आहे आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरवशाची नाही, तिथे हा दोष कागदावर राहत नाही.

या बाबतीत एसक्यूलाइट या डेटाबेसची रचना अभ्यासावी अशी आहे. फाइल सिस्टिमशी होणारा सगळा व्यवहार त्यांनी एका पातळ थरात आणला आणि युनिक्ससाठी एक, विंडोजसाठी एक असे ते थर वेगवेगळे लिहिले. पातळ म्हणजे वरच्या कोडला काय हवे ते मोजक्या शब्दांत सांगणारा: हे पक्के कर, हे कुलूपबंद कर. त्या प्रत्येक मागणीमागे त्या त्या प्रणालीची खोड काय आहे, हे कोडमध्येच लांब टिपणांत लिहून ठेवले आहे. पॉझिक्सची कुलपे तर अशी की एकाच प्रोग्रॅमने तीच फाइल दोनदा उघडली आणि एक प्रत बंद केली की दोन्हींचे कुलूप सुटते. एसक्यूलाइटने यासाठी बंद करायच्या प्रती राखून ठेवण्याची व्यवस्था केली. ही मेहनत मुलाम्यापेक्षा वेगळी आहे. ती फरक नाकारत नाही, तो एका ठिकाणी गोळा करते आणि नोंदवते.

‘आता सगळे क्लाउडवर आहे, फाइल सिस्टिमचे युग संपले’ असेही म्हटले जाते. क्लाउडच्या साठवणीतही वस्तूला नाव लागते, आणि ॲमेझॉनच्या साठवणीत त्या नावाची मर्यादा १०२४ बाइट, पुन्हा यूटीएफ-८ मध्येच मोजलेली. वेबच्या पत्त्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन इंग्रजी चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे ‘देवणी’ पंचेचाळीस चिन्हांची होते. झिप फाइलींत नाव यूटीएफ-८ आहे हे सांगणारी खूण २००६ मध्ये आली, पण ती न लावणारी आणि न वाचणारी साधने अजून वापरात आहेत, आणि मराठी नावांची झिप उघडल्यावर जंतर-मंतर दिसते ते त्यामुळे. साठवण कुठेही गेली तरी नाव बरोबर जाते. गिटसारखे जगाचा कोड सांभाळणारे साधन आजही न सांगता ‘देवणी’ नावाच्या फोल्डरऐवजी अवतरणात पंधरा अष्टमान आकडे छापते, ३४०, २४४, २४६ असे सुरू होणारे. एक पर्याय बंद केला की नाव नीट दिसते, पण तो पर्याय ठाऊक असावा लागतो.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो लहान व्यवसायांचा असल्याने गांभीर्याने घ्यायला हवा. लातूर-नांदेडमध्ये दूध संस्था, आडत, शाळा यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या दोन-तीन माणसांच्या गटाने तिन्ही प्रणालींचा अभ्यास कधी करावा? त्यांना एसक्यूलाइटएवढा थर लिहिण्याची गरज नाही. विंडोजवर फक्त युनिकोडचा दरवाजा वापरणे, प्रणालीने दिलेले नाव न बदलता परत देणे, लांबी बाइटांत मोजणे, ७/१२ सारखी किंवा विसर्गाच्या जागी अपूर्णविराम असलेली नावे फाइल तयार होण्याआधीच पकडून वापरणाऱ्याला स्पष्ट सांगणे, एवढ्याने बहुतेक अपघात टळतात. बाकीचे काम चाचणीचे. फोल्डरमधल्या फाइली नेहमी क्रमाने मिळतात असे एनटीएफएसवर पाहून ठरवलेला कोड एक्स्ट-४ वर वाटेल त्या क्रमाने नावे मिळताच चुकतो. क्रम लावला तरी ‘ळ’ युनिकोडात ‘ल’ नंतर येतो आणि मराठी वर्णमालेत ‘ह’ नंतर. फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हवर फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे ‘नवी कोणती’ हे सेकंदावर ठरवणारा कोड न बदललेल्या अनेक फाइलींचीही पुन्हा नक्कल करतो. हे सगळे एका लहानशा चाचणीच्या फोल्डरने उघडे पडते. त्यात ‘ऱ्या’ तिन्ही रूपांत असावा, आचारी आणि आचार्य शेजारी असावेत, ‘ॲड.’ दोन्ही पद्धतींनी लिहिलेला असावा, विसर्गाचे खरे चिन्ह आणि अपूर्णविराम दोन्ही असावेत, आणि २५५ व्या बाइटाच्या अलीकडे-पलीकडे जाणारी दोन नावे असावीत. असा संच एकदा करून सर्वांना खुला ठेवला तर तो मराठीपुरता राहणार नाही. नेपाळी आणि कोकणीलाही ‘ऱ्या’ लागतो, शून्य रुंदीचा जोडक तर सिंहली आणि मल्याळमलाही, आणि त्या भाषांतली माणसेही याच तीन प्रणालींवर याच चुका सोसत आहेत.